चार आण्यांची तालीम

सोमवार, १७ नोव्हेंबर १९५८
शेवळवाडी

पोचलो. मांदाडहून सकाळच्या भरतीला सुटलेली होडी दुपारी दिघीला लागली, आणि तिथून किनाऱ्याने चालत इथे आलो. डोक्यावर ट्रंक होती, तरी वाट जड वाटली नाही. बंदरखात्याची बत्ती, म्हणजे दीपगृह, वाडीच्या टोकाला कातळावर उभी आहे. खाली राखणदाराची खोली, पुढे पडवी, आणि पडवीत बसलं की समोर नुसतं पाणी. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी देवाने अशी जागा दाखवली. माझ्या बायकोने, केसरने, उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही. तळा गावातलं आमचं दोन खणांचं घर सोडवणार नाही, असं ती म्हणते खरं, पण नोकरी कायम झाली की तिला इथे आणायचं ठरलं आहे. मूलबाळ नाही. आम्हाला एकमेकांशिवाय आहे कोण?

अडचण एकच. राखणदार म्हणून माझी नेमणूक तूर्त पाच आठवड्यांची आहे. बावीस डिसेंबरला अलिबागला डॉक्टर तपासणार, आणि घासलेटचा भरला डबा खांद्यावर घेऊन न थांबता जिना चढून दाखवावा लागणार. इथल्या बत्तीला छप्पन्न पायऱ्या आहेत. आज डबा घेऊन चढलो आणि विसाव्या पायरीवर बसलो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

माणसं काही गोड नाहीत. रामराम घातला तर समोरचा माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या हातांकडे बघतो. आज वाडीतून मीठ आणायला गेलो होतो. वहाणेचा अंगठा सुटला म्हणून एका दारापुढे वाकलो, तोच आतून मासळी धुतलेलं पाणी अंगावर आलं. भागुबाई नावाची म्हातारी पदर कमरेला खोचून उभी होती. "वाकू नको! माझ्या उंबऱ्याशी वाकू नको, सांगून ठेवते!" असं ओरडली. मी माफी मागितली. बाजूच्या दोघी हसल्या नाहीत, त्या आपापल्या दारात जाऊन बसल्या.

एक गोष्ट लक्षात आली. इथे झोपडी कुडाची असली तरी दारापुढे दगडी लादी असतेच, आणि सांधे चुन्याने बुजवलेले असतात. ओंजळभरही उघडी जमीन नाही. आमच्याकडे दारात शेणाचं सारवण नसेल तर घर बोडकं दिसतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जवळा सुकवतात त्या मैदानामागे एक तालीम आहे. आज पाहून आलो आणि घरी बसून बऱ्या-वाईटाचा विचार केला.

अलिबागची व्यायामशाळा नावाजलेली. तिथे मल्लखांब, करेला, मुद्गल, शिकवणारा माणूस, सगळं आहे. पण महिन्याला तीन रुपये पडतात, आणि रोज तिथे जायचं कसं? इथे वर्षाचे चार आणे. पायाखालची जागा. वेळ सकाळची, म्हणजे बत्ती विझवली की मोकळाच असतो. एवढं बरं. वाईट असं की छप्पर गळकं, वास भयंकर, आणि शिकवत कुणी नाही. वस्ताद तुळशीराम कोपऱ्यात बसून नुसता बघतो. जमलेले आठ-दहा जण मला 'आजोबा' म्हणाले. नामा नावाचा एक खवट माणूस म्हणाला, "आजोबा, दंड काढताना कंबर तुटली तर इथंच पुरू, बत्तीपर्यंत न्यायचं व्हनार न्हाय." सगळे हसले. मीही हसलो.

पण माणसं काय दणकट! साठीचा तुळशीराम, आणि मांड्या माडाच्या बुंध्यासारख्या. इतक्या स्वस्तात असं शरीर मिळत असेल तर चार टोमणे सोसावेत.

कोनाडा रिकामा दिसला. मारुती कुठे, असं विचारलं. वस्ताद म्हणाला, "ऱ्हात न्हाय तो हितं."

रविवार, २३ नोव्हेंबर

नाव घातलं. इथली रीत अशी की नव्या माणसाने कुणातरी घराच्या उंबऱ्याची मूठभर माती आणून आखाड्यात घालायची. त्याशिवाय मातीत उतरायचं नाही. कुणाच्या उंबऱ्याची, असं विचारलं तर तुळशीराम म्हणाला, "कुनाची बी. सांगायचं न्हाय, फकस्त आनायची."

मला ते पटलं नाही. आखाड्याची माती म्हणजे आईसारखी. तिला परक्याच्या दारची, न विचारता उचललेली माती कशी वाहायची? माझ्या खोलीला उंबरा नाही, कातळ आहे. म्हणून होडीवाल्या सदाबरोबर तळ्याला निरोप धाडला, की आपल्या उंबऱ्याची मूठभर माती पाठव.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

माती आली. केसरने जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून वर तुळशीचं पान ठेवलं होतं. सारवणाचा वास आला आणि क्षणभर घरी गेल्यासारखं झालं.

सकाळी तालमीत गेलो. नामाने विचारलं, "कुनाच्या दारची मारली, आजोबा?" मी सांगितलं, माझ्याच. मग नामा जो हसत सुटला तो मांडी थोपटत खालीच बसला. "आपल्याच घरची! आरं, आपल्याच घरची आनली त्यानं!" धर्मा नावाचा एक अबोल माणूस आहे, तो मात्र हसला नाही. तो उठून बाहेर गेला. वस्तादाने माझी मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून मातीत कोपरापर्यंत दाबली. आत माती उबदार होती.

कशाला हसले ते कळलं नाही. अडाणी माणसं, असं मनाशी म्हटलं. नंतर वाटलं, हा माझा गर्व झाला. देवापाशी क्षमा मागितली.

सोमवार, १ डिसेंबर

आज डबा घेऊन एका दमात वर गेलो. चार दिवसांत! छाती भरली आहे, दंडाला आकार आला आहे. सदऱ्याची बाही ताठ बसते. मी मोठी मेहनत केलीय असंही नाही. थोडी माती खणतो, दंड काढतो, अंगाला माती चोळून बसतो. केसरला पत्र लिहिलं की बाडबिस्तरा आवरायला लाग.

शनिवार, ६ डिसेंबर

आता दोन डबे नेतो, एकेका हातात एक.

तळ्याहून पत्र आलं. शेजारचे बाळाजी गुरव केसरसाठी लिहून देतात. सांगते, की सगळं ठीक आहे, काळजी करू नये. गेल्या गुरुवारी विहिरीवर घागर उचलताना हातातून सुटली आणि फुटली. थंडीमुळे असेल. खाली बाळाजींनी आपल्या मनाने दोन ओळी घातल्या आहेत: वहिनींना तेव्हापासून घागर उचलत नाही, आमच्याकडची पोरं पाणी भरून देतात.

गुरुवारी म्हणजे सत्तावीस तारखेला.

गुरुवार, ११ डिसेंबर

पितळेचा तांब्या धरला आणि तो चेपला. जोर लावला नव्हता. दाराची कडी ओढताना खिळ्यांसकट हातात आली. स्नानाच्या वेळी अंगाकडे पाहिलं. हे पंचवीस वर्षांच्या पुरुषाचं अंग आहे. मला त्याची लाज वाटली.

दुसरं पत्र. लिहिलंय फक्त बाळाजींनी. केसर चुलीपुढे बसते ती तिथेच राहते. भाकरी थापायला हात उचलत नाहीत. वैद्याला रोग सापडत नाही. म्हणतो, कुणी काढून घ्यावी तशी शक्ती जाते आहे.

तालमीत आज गेलो नाही.

रविवार, १४ डिसेंबर

तीन दिवस मी तालमीत पाऊल टाकलेलं नाही. अंग वाढतंच आहे.

भागुबाईकडे गेलो. दारापासून दहा पावलांवर हात जोडून उभा राहिलो आणि तालमीच्या मातीबद्दल विचारलं. तिने आधी माझे हात निरखले. मग म्हणाली, की माझ्या सुनेचा उंबरा मातीचा होता. कुणी मूठ नेली ते आजतागायत कळलं नाही. भाद्रपदात धडधाकट होती, दिवाळीला कापसासारखी उचलून नेली. तेव्हापासून वाडीने दारं बांधून घेतली. तालमीला हात लावायची कुणाची छाती नाही, ते दहा जण दहा गावांना भारी आहेत. "मला वाटलं तू बी चोर. तू तर बाबा, सोताचंच घर धुतलंस."

वाटेत धर्मा भेटला. मान खाली घालून सांगितलं, की त्याने भावकीतल्या वैऱ्याच्या दारची आणली होती. "तीन म्हैने पुरला," एवढंच बोलला.

जोर कुणी कमवत नाही इथे. तो एका घरातून दुसऱ्या अंगात जातो. आणि मी देवाचं नाव घेऊन केसरचा—

सोमवार, १५ डिसेंबर

पहाट उजाडताच तालमीत गेलो, खोरं घेऊन. माझी मूठ काढून आणीन आणि परत उंबऱ्यात घालीन.

कोपरभर खणलं. माती मिसळलीच नव्हती. माझी मूठ तशीच होती, बोटांच्या खुणांसकट. ऊन. हलकेच धडधडत होती, चिमणी हातात धरावी तशी. मी तिला उचलू लागलो. दोन डबे फुलासारखे उचलणारा मी, मूठभर माती मला जागची हलवता आली नाही. दोन्ही हात लावले. गुडघे टेकून ओढलं.

आजूबाजूला तशाच दुसऱ्या मुठी. पन्नास असतील, अधिक असतील. बहुतेक गार आणि दगडासारख्या.

मागे तुळशीराम बसलेला होता. केव्हापासून, कोण जाणे.

बुधवार, १७ डिसेंबर

वस्ताद म्हणतो, वाट आहे. दुसऱ्या घरची मूठ आण, म्हणजे पहिली सुटते. असं म्हणाला जसं दुकानदार म्हणतो, बदलून नेता येईल.

मिठागराच्या बांधावर एक नवं खोपट उभं राहिलंय. परगावची माणसं आहेत, त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही. दारात माती आहे. मी गेलो. हे लिहायलाच हवं. मी गेलो आणि दारापुढे बसलो, आणि माझी बोटं मातीवर होती. आतून ठमी नावाची बाई आली. "उन्हाचं बसलाव बाबा, पानी घ्या," म्हणाली. तिचं पोट दिसत होतं, सातवा महिना असेल.

पाणी प्यालो. बोटं पुसली. तिला म्हटलं, आजच्या आज दारात लादी घाल. समजली नसेल. मग बत्तीच्या कुंपणाची फरशी मीच उखडून नेली आणि तिच्या दारात बसवली. एका हाताने.

केसर, मला क्षमा कर.

शुक्रवार, १९ डिसेंबर

एक विचार सुचला. माती उंबऱ्याची आहे. केसरच त्या उंबऱ्याआत राहिली नाही तर? बाळाजींना सांगून तिला इथेच आणावं. सदाला लगेच पाठवलं. होडीत गवत घालून निजवून आण म्हटलं.

देव ऐकेल. त्याने आजवर ऐकलंय.

सोमवार, २२ डिसेंबर

आज अलिबागला जायचं होतं. गेलो नाही. नोकरी गेली तर जाऊ दे.

आली. सदाने तिला किनाऱ्यावरून एका हातावर आणलं, वाळत घातलेलं लुगडं काढून आणावं तसं. डोळे तेवढे तिचे. समुद्राकडे बघून म्हणाली, "केवडा वो हा."

मी जवळ गेलो आणि तिला श्वास लागला. मागे सरलो. श्वास परत आला. तेवढ्यात माझ्या सदऱ्याची खांद्यावरची शिवण उसवली होती.

उंबऱ्याचं नव्हतंच. मूठ माझी होती; मी जितका जवळ, तितकं तिचं बळ माझ्यात येतं.

सदाला सांगितलं, परत घेऊन जा. ओहोटी लागलीय आणि रात्री होडी घालता येत नाही म्हणतो, उद्या दुपारच्या आधी हलणार नाही.

मंगळवार, २३ डिसेंबर. सकाळ

मी दाराबाहेर, ती आत खाटेवर. रात्र अशीच काढली. मधे दहा हात. बारा केले. त्याहून लांब गेलो की ती उठू बघते.

विचारते, लांब का बसलात. काही सांगितलं नाही. म्हणाली, मी काही चुकले का.

भागुबाई पेज भरवून गेली. बाया सगळ्या जवळ्यावर गेल्यात. दुपारपर्यंत— फक्त दुपारपर्यंत—

समुद्र बघायचाय म्हणते. उठू नको म्हणालो. ओरडलो तिच्यावर. जन्मात कधी ओरडलो नव्हतो.

उठते आहे. खाटेच्या काठाला आली. खाली कातळ. हाक मारली, भागुबाई— सदा— कुणी नाही.

तोल जातोय. हात पुढे केलाय तिने, हसते आहे, धरा म्हणते. धरलं तर—

नाही धरलं तर—

केसर, थांब, मी येत नाही, मी ये—