पात्यांचा ढाळ

३ फेब्रुवारी, सोमवार
साताऱ्याच्या बाईंनी तानपुरा परत पाठवला. म्हणे आवाज घोगरा हाय. बाईंचाच कान फुटका. तारा टेकतात ती घोडी चाळीस वर्षं मी कानशीनं घासते. मिरजेत कुणी नाव ठेवलं न्हाई. ज्यांनी ठेवलं ते मेले.

४ फेब्रुवारी
नईम म्हणतो, अम्मी, मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करू. कानस सबीनाला द्या. सबीना म्हणजे त्याची बायको. पोळी गोल लाटता येत न्हाई, ती घोडी घासणार. म्हटलं, मला सगळं दिसतं, अंगणात वाळत घातलेले भोपळे मोजते. एकोणीस. सबीना म्हणाली सतरा, दोन घागरी हायत. घागरी भोपळ्यांशेजारी ठेवाव्यात कशाला.

५ फेब्रुवारी, बुधवार
नईमनं रिमोटचं हेलिकॉप्टर आणलंय. चाळिशीचा बाप्या. तीन दिवस पात्यांचा पिच लावतोय. पिच म्हणजे पातं किती तिरपं ते. प्लास्टिकचा गेज लावून बघतो, बारकी काडी अर्धा आटा फिरवतो, परत गेज. म्हटलं, मी नुसत्या बोटानं लावीन. हसला. मग पैज लागली. म्हणाला, "रविवारी सरळ उडालं तर कानस मरेपर्यंत तुमची. न्हाई तर सबीनाची, आन तुमी डोळ्याच्या दवाखान्यात."
जिंकले मी.

६ फेब्रुवारी
काम सोपं हाय. उद्या करते. आज हात जड वाटतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
केलं. पंधरा मिनिटांत. (दुपारचं जेवण राहिलं, ते वेगळं.) गेजला शिवले न्हाई. नईम सांगत होता, रिमोटचा दांडा मधोमध असला की दोन्ही पाती शून्यावर पायजेत. येडा. घोडी सपाट ठेवली तर तार मुकी होते, केसभर ढाळ द्यावाच लागतो. दोन्ही पात्यांना दिला. स्क्रू दोनदा हरवला. बनवणाऱ्यांनी एवढा बारीक करायचं कारण न्हवतं.

८ फेब्रुवारी
सबीना म्हणाली, अम्मी, एक पातं जादा चढलंय. म्हटलं, तू पोळ्या बघ.
ठरवलं, जिंकल्यावर तिला टोमणा मारायचा न्हाई. एकच मारायचा.

९ फेब्रुवारी, रविवार
मागच्या माळावर गेलो. चालू केल्याबरोबर हेलिकॉप्टर हुडहुडी भरल्यागत हलाय लागलं. सबीना म्हणाली पाती वरखाली दोन थरांत फिरतायत. मला थर दिसले न्हाईत, म्हणजे न्हवतेच. नईम दांडा नीट हलवतोय तवर ते उडालं, आडवं झालं, आन आपल्याच पात्यानं आपली शेपटी कापून घेतली.
वाऱ्यानं.

संध्याकाळी ६
वारा न्हवता म्हणे. नईमनं गेज लावून दाखवला. एक पातं चार अंश, दुसरं नऊ. गेज स्वस्तातला दिसतोय. दिसतोय म्हणजे वाटतोय.

११ फेब्रुवारी, मंगळवार
कानस दिली. म्हणजे सबीनानं हात पुढं केला आन मी बराच वेळ दुसरीकडं बघितलं, मग दिली. दवाखान्याचा नंबर शुक्रवारचा लागलाय. डॉक्टर पोरसवदा असणार, त्याला आधीच सांगून ठेवते.

१२ फेब्रुवारी
साताऱ्याच्या बाईंचा तानपुरा सबीनानं घासला. चूक काढायला शेजारी बसले. डोळे मिटून चारी तारा दुपारपर्यंत छेडल्या.
न्हाई सापडली.