घोरपड आणि बाचा शंख

चांदा, ता. ६ डिसेंबर १९६५

ती. नलूताईस,
आनंदाचा नमस्कार. वि. वि. खाणीवर मी ठीक हाय. काल बराकीमागं घोरपड दिसली, शेपटीच हातभर. चौघांनी शेपूट धरून ओढली, पण ती फुगून, नखं रुतवून बिळात घट्ट. शेवटी दमून सोडली.

मला नवापूरच्या किनाऱ्यावरचे खडक आठवले. खडकाला चिकटलेली शंखातली गोगलगाय सोडवताना आपली बोटं लाल व्हायची. तू म्हणायचीस, मी गोगलगाय, तू घोरपड. मी घर सोडलं तेव्हा बा पण तेच बोलला, घोरपडीला कुठलंही बीळ चालतं. त्या रागात बाचा शंख मीच पिशवीत टाकला. लहानपणी मला सापडलेला, म्हणून माझा वाटला. बाला सांगू नकोस. रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
तुझा आनंदा

नवापूर, ता. १९ डिसेंबर १९६५

चि. आनंदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. शंखासाठी मी तांदळाची कणगी उपसली, आणि तो तुझ्याकडं! आई होती तेव्हापासून किनाऱ्यावरून आपण शंख फुंकायचा, नि धुक्यात बा त्या आवाजावरच होडी आणतो. आता मी डबा बडवते. मंगळवारी बा दुसऱ्याच कुणाच्या डब्याच्या आवाजावर गेला. होडी खडकाला घासली, त्याचा गुडघा फुटला.

माकुणसारवाले माघात लग्न करा म्हणतात. मुलगा मला आवडलाय, तुलाच सांगते. पण मी गेल्यावर किनाऱ्यावर उभं कोण राहणार? संक्रांतीला नकार कळवते.

शंखाचं बाला बोलले नाय. तो तुझी गोधडी अजून उन्हात घालतो. तिथं शंख फुंकतोस का? तुझी फुंक शेवटी तुटायची, बा हसायचा. घोरपडे, वेळेवर जेव आणि आमाला विसरू नकोस.
तुझी नलूताई

चांदा, ता. २८ डिसेंबर १९६५

ती. नलूताईस,
नमस्कार. वि. वि. नकार कळवू नकोस. तुझं पत्र अक्षर अक्षर लावून दोनदा वाचलं. मग टेकडीवर जाऊन शंख फुंकला. बराकीतले हसले. इथं त्या आवाजावर येणारं कुणी नाय.

घोरपड ओढली की जास्तच रुतते. तू ये म्हणाली असतीस तर मी आलो नसतो. तू ये म्हणाली नायस, म्हणून मुकादमाला काम सोडल्याचं सांगितलं. संक्रांतीआधी पोचतो.

बाला कळू देऊ नकोस. धुकं असेल त्या सकाळी तू चुलीपाशी बस, किनाऱ्यावर मी उभा राहीन. आधी त्याला वाटेल, नलूला शंख सापडला. मग फुंक शेवटी तुटेल. माझ्या वाटणीची भाकर थापून ठेव.
तुझा आनंदा