लाल कडा आणि नवा पुढचा ॲक्सल

१२ ऑक्टोबर, शनिवार
सासरेबुवांनी आज त्यांची जीप माझ्या नावावर केली. ऑर्व्हल हास्किन्स हा माणूस कोणाला साधा पाना उसना देत नाही, आणि अख्खी जीप! अट एकच. एप्रिलअखेर ते घर विकून मिनेसोटाला मुलाकडे जाणार, कायमचे. त्याआधी मी त्यांना याच जीपमधून लाल कड्याच्या माथ्यावर न्यायचं. सासूबाई होत्या तोवर दोघं दर वसंतात तिथे जायची. आता बर्फ पडेल, वरचा रस्ता एप्रिलमध्येच मोकळा होईल. म्हणजे हाताशी सगळा हिवाळा.

लग्नाला एकवीस वर्षं झाली. त्यांनी विश्वासाने सोपवलेलं हे माझं पहिलं काम. खोटं कशाला लिहू, गाडीत बसल्यावर डोळे भरून आले.

संकल्प : नुसतं न्यायचं नाही. थाटात न्यायचं.

१३ ऑक्टोबर
जीपखाली आडवा होऊन पाहणी केली. पुढचा ॲक्सल, म्हणजे चाकं जोडणारा दांडा, अगदीच किरकोळ. या काडीवर म्हाताऱ्या माणसाचा जीव टांगायचा? छे! बदलणार. चांगला दणकट घालणार. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत काम फत्ते.

कोरीन म्हणाली, लोवेल, बाबा याच काडीवर तीस वर्षं वर जाऊन आले. म्हटलं, नशीब त्यांचं. यांत्रिक बाबी बायकोला समजावत बसायला मला वेळ नाही.

२ नोव्हेंबर
भंगाराच्या आवारातून ॲक्सल आणला. एका भल्यामोठ्या पिकअपचा. काय वजन! चार जणांनी उचलला, मी दिशा दाखवली. जुना काढून टाकला. (कुठे ठेवला ते आठवत नाही. बहुधा आवारवाल्यालाच दिला.)

सासरेबुवा काठी टेकत आले आणि गॅरेजमध्ये घडीची खुर्ची टाकून बसले. म्हणाले, जावईबापू, चालत्या गाडीचे पाय कापलेत की हो. थट्टेखोर आहेत.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
काम फत्ते नाही. मात्र यात माझा काडीचा दोष नाही. नट गंजलेले, थंडी कडाक्याची, आणि पाना ज्या मापाचा लागतो तो सोडून बाकी सगळ्या मापांचे माझ्याकडे आहेत. शिवाय ॲक्सल जीपपेक्षा रुंद निघाला. पुढची चाकं दोन्हीकडून वीतभर बाहेर येणार, मागची आपली आत. कोरीन म्हणाली, खेकडा दिसेल. मला विचाराल तर भारदस्त दिसेल.

जेवताना सासरेबुवांनी विचारलं, पाय जोडले का? सगळं टेबल हसलं. मीही हसलो. गोडाला भोपळ्याचा पाय होता, तो मात्र दुसऱ्यांदा घेतला नाही.

१४ डिसेंबर
आज भरीव प्रगती. ॲक्सल रंगवला. नारिंगी. एका कडेला पत्र्याचा बारकासा बिल्ला होता, वर कसलेसे आकडे. ब्रश तिथे अडखळत होता, म्हणून उपटून फेकला. आता कसा एकजीव दिसतो!

११ जानेवारी
शेजारची आर्डिस डोकावली. स्कूल बस चालवून निवृत्त झालेली बाई. हिच्याकडे एक बुटकी, जुनीपुराणी फोर-व्हील गाडी आहे. दोन सीट, आणि मागे कुत्र्यापुरती जागा. कारखान्यातून आली तशीच्या तशी. बिचारी.

तिने विचारलं, पुढच्या ॲक्सलचे गिअर मागच्याशी जुळतात का ते पाहिलंस? तिचं म्हणणं असं, की ॲक्सलच्या पोटातले गिअर वेगळे असले तर पुढची चाकं एका वेगाने फिरतात आणि मागची दुसऱ्या. साध्या रस्त्यावर कळत नाही, कारण तिथे जोर फक्त मागच्या चाकांना असतो. फोर-व्हील टाकलं, म्हणजे चारही चाकांना जोर दिला, की पुढचं धड एकीकडे आणि मागचं दुसरीकडे. तेव्हा जॅकवर चढव, चाकं फिरव आणि मोजून बघ.

मला हसू आवरेना. गाडी एक, रस्ता एक, आणि चाकांचे वेग म्हणे दोन! पण बाईमाणूस, वयाने मोठी. मोजतो म्हटलं. उद्या.

१२ जानेवारी
बाहेर उणे अठरा. शिवाय मॅच होती.

१ फेब्रुवारी
चाकं बसवली, जॅक काढले. आणि मग आठवलं की मोजायचं राहिलंच. आता पुन्हा कोण चढवणार? राहू दे. मोजमापं शेवटी शंकेखोर माणसांसाठी असतात.

सासरेबुवा हल्ली रोज येतात. खुर्ची हीटरजवळ ओढतात आणि सासूबाईंच्या गोष्टी सांगतात. माथ्यावर ती कुठे बसायची, कॉफी कशी करायची, एकदा गारा पडल्या तेव्हा काय म्हणाली. छान सांगतात, पण कामातलं लक्ष उडतं. आज रेडिओ जरा मोठा केला. मग ते लवकर घरी गेले.

१५ मार्च
ऐतिहासिक दिवस! जीप स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली. गावातून तीन चकरा मारल्या. पेट्रोल पंपावरच्या माणसाने शीळ घातली. डाव्या वळणाला स्टिअरिंग किंचित हट्ट करतं, ते मुरेल.

आर्डिस फाटकात उभी होती. फोर-व्हील टाकून पाहिलंस का म्हणाली. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकायचं नसतं, हे आता मी हिला शिकवायचं! मातीचा रस्ता दोन मैलांवर आहे, पण मातीने रंग खराब होतो.

१९ एप्रिल
कडा मोकळा झाला. येत्या शनिवारी जायचं. सासरेबुवांनी सकाळपासून तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज जरा निराळाच होता. म्हणाले, जावईबापू, नक्की ना? म्हटलं, शब्द म्हणजे शब्द.

कड्यावर एकट्या गाडीने जायचं नाही, हा इकडचा दंडक. जोडीला दुसरी गाडी लागतेच. सगळ्यांना नेमकी कामं निघाली, उरली आर्डिस. मी तिला धीर दिला, अडकलीस तर घाबरू नकोस, मी ओढून काढेन. त्यासाठी जाडजूड दोर आणलाय. ती थँक्यू म्हणाली.

२६ एप्रिल, शनिवार, सकाळी
पायथ्याशी पोचलो. खडकावर पकड बसावी म्हणून टायरमधली हवा कमी करतोय, तेवढ्यात हे लिहून घेतो. सासरेबुवा इस्त्रीचा शर्ट घालून आलेत. मांडीवर सासूबाईंची उन्हाळी टोपी.  वाटेत म्हणाले, वर गेल्यावर तुम्हाला एक सांगायचंय. कौतुकच असणार! मी काहीतरी विनयाचं बोलेन. आर्डिसची गाडी आमच्या मागे जेमतेम मडगार्डाएवढी दिसते.

२६ एप्रिल, दुपारी
पहिल्याच खडकापाशी बसून लिहितोय.

आधी खडीवर फोर-व्हील टाकलं. जीप उड्या मारायला लागली. सासरेबुवांनी दाराची कडी धरली आणि विचारलं, हे असंच असतं का? म्हटलं, नवा ॲक्सल आहे, अंगात रग आहे त्याच्या. मग खडकाची पहिली पायरी आली. पुढची चाकं चढली, मागची चढू देईनात, गाडी मधोमध कण्हायला लागली. मी जोर वाढवला. काडकन आवाज झाला. इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणारी जी मधली पेटी असते ती फुटली. खाली तेलाचं थारोळं.

आर्डिस जीपखाली वाकून बघून आली आणि गिअर जुळत नव्हते एवढंच म्हणाली. मला कसं कळणार होतं असं विचारलं, तर म्हणाली ॲक्सलवर बिल्ला असतो, त्यावर गिअरचा आकडा असतो. म्हटलं, याच्यावर नाही. आणि नाहीच आहे.

एक गोष्ट इथे ठळकपणे नोंदवतो. ॲक्सलला ओरखडासुद्धा नाही.

सासरेबुवांना आर्डिसच्या गाडीत बसवलं. तिचा कुत्रा त्यांनी माझ्या सोबतीला ठेवला. ते खिडकीतून म्हणाले, जावईबापू, तुम्ही या मागून. म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, गाडी अशी टाकून कसा येऊ? आर्डिसची बुटकी गाडी माझ्या जीपला वळसा घालून चढली ती सरळ दिसेनाशी झाली. चढ सोपा असावा.

मी तेवढ्यात ॲक्सल फडक्याने पुसून घेतला.

२६ एप्रिल, संध्याकाळी
बऱ्याच वेळाने ते खाली आले. मी मुद्दाम विचारलं, काय सांगायचं होतं? सासरेबुवा म्हणाले, ते वरचं होतं, वरच राहिलं. थकले असतील. आर्डिसने मला गावापर्यंत ओढून आणलं. दोर माझाच होता, आणि उत्तम निघाला.

२९ एप्रिल
सासरेबुवा आज मिनेसोटाला रवाना झाले. विमानतळावर कोरीन फार रडली. त्यांनी मला मिठी मारली आणि जीप सांभाळा म्हणाले. ॲक्सलबद्दल एक वाकडा शब्द नाही. मोठा माणूस.

परतल्यावर आर्डिसकडे कुत्र्याचा पट्टा द्यायला गेलो. तिला वाटलं मला सगळं माहीत आहे, म्हणून सहज बोलून गेली. माथा त्या खडकापासून पायी वीस मिनिटांवर आहे. वर पोचल्यावर सासरेबुवा टोपी मांडीवर घेऊन कडेला बसले आणि खालच्या पायवाटेकडे बघत राहिले. तिसरा कप काढून ठेवला होता. आर्डिस म्हणाली, चला, ऊन उतरतंय. तर म्हणाले, थांब, येईल. माझी बायको म्हणायची, लोवेलला उशीर होतो, पण तो येतो. तिने त्याला हे कधी सांगितलं नाही, मला इथे सांगायचंय. मी खाली जीपशेजारी वाकलेला त्यांना स्पष्ट दिसत होतो. तासभर त्यांनी वाट पाहिली. मग त्या कपातली गार कॉफी ओतून टाकली.

आर्डिसला म्हटलं, अगं, गाडी उघडी टाकून कसा जाणार होतो? ती म्हणाली, हो ना.

घरी आलो. कोरीनला हे सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मागच्या ॲक्सलबद्दल बोललो. तोही बदलला की दोन्ही जुळतील, तेवढंच राहिलंय. 

पायी वीस मिनिटं. सुचलंच नाही मला.