उतरवलेली म्हातारी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायला मला तुमच्या हातांपासून सुरुवात करावी लागते. फिनेलने सोललेले ते हात. डहाणूच्या त्या निराधारांच्या घरात मी तलासरीहून आया म्हणून आले, तेव्हा पहिल्याच सकाळी तुम्ही मला एका म्हाताऱ्याची पाठ धुवायला बसवलंत. पडून पडून पाठीला खड्डे झालेले. मी पदर नाकाला लावला. "पदर खाली घे, नाहीतर घरी जा," एवढंच तुम्ही म्हणालात. जाण्यासारखं घर असतं तर मी तिथे कशाला मरायला आले असते? घेतला पदर खाली. वीस खाटा, आपण दोघी, आणि आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर. कुशी बदला, भांडं द्या, चादरी उकळा, पेज भरवा, की पुन्हा पहिल्या खाटेपासून कुशी बदला. दयामाया पहिल्या महिन्यातच आटते, उरते ती दुखरी कंबर. हे कुणी बोलत नाही. तुम्हीही बोलला नाहीत, पण तुम्हाला ठाऊक होतं.

खाटेवर कुणाला मरू द्यायचं नाही, हा तुमचा नेम. तसं आपल्याकडे सगळेच मानतात, पण वेळ ओळखावी ती तुम्हीच. नाकाची दांडी बघायचात, पायाची नखं दाबायचात आणि म्हणायचात, "उतरवा." मग कोपऱ्यातली जमीन सारवून, घोंगडी टाकून आपण माणूस खाली घ्यायचो, आणि तासा-दोन तासांत सगळं आटपायचं. तुम्ही कधी चुकला नव्हतात. त्यामुळे चुकलात तेव्हा काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

महाराष्ट्र झाला त्या वर्षीचा हिवाळा. गंजाडकडच्या एका पाड्यावरची ती म्हातारी, अर्धं अंग गेलेली. मुलगा गवत कापायला लांब जायचा, घरी बघणारं कुणी नाही, म्हणून आपल्याकडे आणून टाकलेली. तुम्ही नखं दाबलीत, तिला उतरवलंत, मुलाला निरोप धाडलात. तो चार माणसं घेऊन चालत आला. आईच्या तोंडात पाणी घातलं, पोटभर रडला, कोरं कापड उशाशी ठेवलं. सगळे वाट बघत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी डोळे उघडते आणि स्वच्छ आवाजात स्वतःसाठी पेज मागते, "माना पेज दे." मुलगा तिच्याकडे बघतो, मग तुमच्याकडे. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, बाई. भीती होती.

"खाटेवर घेऊ या परत," मी म्हणाले. त्याच्याबरोबरचा एक म्हातारा पुढे आला. "नाय. ती आता अर्धी तिकडची. वर घेतलीत तर पाड्यात तिला कोण हात लावील? मेल्यावरपण नाय लावायचा कोणी." मुलगा खाली मान घालून उभा. ती माणसं निघून गेली आणि म्हातारी जमिनीवरच राहिली. सारवलेल्या जमिनीतून थंडी वर यायची. तिला खोकला लागला. "माना वर घे गं," असं ती मलाच म्हणायची, तुम्हाला म्हणायची तिची छाती नव्हती. तुम्ही तुमची गोधडी आणून तिच्याखाली सरकवलीत आणि पाठमोऱ्या म्हणालात, "माझं चुकलं." मला इतका राग आला! चुकलं म्हणता, तर मग उचला ना तिला! पण मीही उचललं नाही. पाचव्या दिवशी ती गेली.

पुढे मी तुमच्या जागी आले. नव्या मुलींना ही गोष्ट सांगताना मी म्हणत असे, "बाईंनी तिला उतरवलं, आणि बाईंनीच तिची पेज बंद केली." तुम्ही कडक म्हणून ख्याती होतीच; कुणालाही पटायचं.

पेज तुम्ही बंद केली नव्हतीत. चौथ्या दिवशी तुम्ही बहिणीकडे वाणगावला गेलात. जाताना उंबऱ्यातून मला सांगितलंत, "मागेल तेव्हा पेज दे. कोमट करून." त्या दिवशी वीस खाटा आणि ती जमिनीवरची, सगळ्यांना मी एकटी. दुपारपर्यंत तिच्याखालचं तीनदा बदलून झालं होतं. चुलीवर पेज होती. तिने मागितली. मी चादर पिळत होते, पिळत राहिले. थोड्या वेळाने तिने पुन्हा मागितली, या वेळी मला "आये" म्हणाली. मी चादरी घेऊन अंगणात वाळत घालायला गेले. संध्याकाळी तिने काही मागितलं नाही.

तुम्ही दुसऱ्या दिवशी परत आलात तेव्हा ती गेलेली होती. "काही मागितलं का?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "काहीच नाही." "म्हणजे वेळ झालीच होती," असं म्हणून तुम्ही खाली बसलात, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुमचा चेहरा जरा सैल झाला. ते बघून मी गप्प राहिले. तुम्हाला तेवढं समाधान असू दे म्हणून, असं मी स्वतःला आजवर सांगत आले. तसं काही नव्हतं, बाई. तुम्ही मला कामावरून काढलं असतंत.