चष्मेवाल्यांची बाजू

माकणी, रथसप्तमी

आई, फार दिवसांनी लिहितेय, राग धरू नकोस. सांगण्यासारखं काही नव्हतं असं नाही. पण गुडघे, पांढरे केस, उडालेली झोप, एवढेच विषय उरलेत आणि तुझ्यापुढं ते मांडायची लाज वाटते. तू गेलीस तेव्हा आजच्या माझ्याहून लहान होतीस. शेवटच्या वर्षी तांदूळ निवडताना ताट लांब धरायला लागली होतीस. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी हसले, तर मान वर न करता म्हणालीस, "हस. तुला काय हे व्हायचं न्हाय?"

झालं. तीन महिने चष्मा पर्समध्ये रुमालात गुंडाळून ठेवला होता. तुला जे वय मिळालं नाही, ते मला मिळालं. आणि मी ते लपवत होते. हे बरोबर होतं का, असं स्वतःला विचारायचे आणि पर्सची चेन लावायचे.

आज शाळेच्या मैदानात हळदीकुंकू झालं. दर वर्षी सासवा विरुद्ध सुना अशी रस्सीखेच असते आणि तिची भांडणं होळीपर्यंत घराघरात चालतात. म्हणून अंगणवाडीच्या ताईंनी या वर्षी वाटणी बदलली: चष्मेवाल्या एकीकडं, बिनचष्म्याच्या दुसरीकडं. मी गुपचूप तरण्या सुनांच्या रांगेत उभी राहिले. समोरून थोरल्या जाऊबाई ओरडल्या, "अगं ये, सकाळी मोबाईल इतका लांब धरून वाचत हुतीस, मला वाटलं खिडकीबाहीर टाकतीस का काय!"

सगळं मैदान हसलं. क्षणभर कान तापले. मग मीही हसले, पर्स उघडली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दोरीच्या पलीकडं चालत गेले. मागं वळून बघते तर आणखी दोघी आपापल्या पिशव्या चाचपत येतायत. जाऊबाई म्हणाल्या, "या, या. लई दिवस वाट बघितली."

शिट्टी वाजली. तरण्या पोरी जोर लावून ओढत होत्या. आम्ही नुसत्या मागं रेलून बसल्यासारख्या उभ्या राहिलो, कमरेत पदर खोचून. कुणाचं पाऊल हलेना. आणि मग त्या सगळ्या घसरत रेघेच्या अलीकडं आल्या.

"वजनानं जिंकलात," एक सून धापा टाकत म्हणाली.

"मग? बाळंतपणं, दिवाळ्या, समदं त्यातच हाय की," जाऊबाई म्हणाल्या.

दोनदा जिंकलो, आई. घसा बसलाय.

हे पत्र कुठं पाठवणार, म्हणून तुला एकटीलाच सांगते: शिट्टी वाजताच पहिला पाय माझाच सुटला होता. माझ्या मागं जाऊबाई होत्या, त्यांच्या पोटावर टेकले, म्हणून उभी राहिले. त्या कुणाला बोलल्या नाहीत, मीही नाही.

उद्या: शाळेची रस्सी परत देणे.