बाहुलीत चार टिंबं

प्रिय मेव्हणे,

साष्टांग नमस्कार. (तुम्ही वयानं लहान, पण प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, म्हणून आडवा झालो.) तुमची तब्येत ठणठणीत असेलच. तुमच्या बहिणीचीही असेल. आठवडाभर ती तुमच्याकडे आहे आणि माझा फोन उचलत नाही, यावरून प्रकृती उत्तम दिसते.

मुद्द्याचं सांगतो. माझ्या चष्म्याच्या दुकानात पालींची एक नवी जात राहते. हसू नका. रंग तोच, ठिपके तेच, शेपूट तीच, तुम्हीही फसाल. पण मी पडलो डोळ्यांचा माणूस. बॅटरी मारली की साध्या पालीची बाहुली बारीक होऊन सरळ रेघ उरते. माझ्या पालीची चार टिंबं उरतात, एकाखाली एक. शिवाय या दोघी एका ट्यूबलाइटखाली बसत नाहीत, मधे कपाट लागतं. हा शोध सुखासुखी लागलेला नाही. एक हेडमास्तर तक्ता वाचताना म्हणाले, शेवटच्या ओळीतलं अक्षर पळालं. मी नंबर वाढवला. पुन्हा पळालं म्हणाले, मी पुन्हा वाढवला. शेवटी तपासणीची फ्रेम घालूनच ते उठले आणि थेट माझ्या काचेच्या कपाटावर आदळले, तेव्हा कुठे मी वळून तक्ता पाहिला. तिथे ती बसली होती. (मास्तर बरे आहेत, पण हल्ली समोरच्या दुकानात जातात.)

आता नावाचं. लोक बायकोला अंगठी देतात, मी आख्खी जात द्यायची ठरवली आणि भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर जाहीर केलं. कुणीतरी विचारलं, हिचंच नाव का? मी शास्त्रीय उत्तर दिलं: रुंद मान, पापणी न लवता बघणं आणि एकदा पकडलेली जागा न सोडणं. तुमची बहीण गल्ल्यावरच होती. तिनं शांतपणे किल्ल्या ठेवल्या.

"आता तिलाच बसवा गल्ल्यावर," म्हणाली, आणि तुमच्याकडे आली.

नुसत्या डोळ्यांवरून जात ठरत नाही, बोटांखालच्या पट्ट्याही मोजाव्या लागतात, असं तुम्ही मागे कळवलं होतंत. खुशाल येऊन मोजा. माझी नजर चुकत नाही.

आपला,
चष्मेवाला

ता. क. येताना बहिणीला घेऊन या. बॅटरी तीच धरायची, माझा हात हलतो. आणि घर खायला उठतं.

आणखी एक ता. क. ती येत नसेल, तर पाल जुनीच आहे असं तिच्यादेखत जाहीर करा. मी मान खाली घालून ऐकेन.

शेवटचा ता. क. टिंबं चार आहेत, हे तिनंच मोजून सांगितलं होतं. मला जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही (हे पत्रही अंदाजानं लिहिलंय), आणि माझा चष्मा कुठे असतो ते फक्त तिला ठाऊक. तेवढं विचारून कळवा.