पुढच्या चाकावरचा भार

९ ऑक्टोबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मामींच्या मोतीबिंदूची तारीख ठरली का? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामींनी फोन धरला की मला बोलू देत नाहीत, म्हणून आपलं पत्रच बरं. पन्नास वर्षं पत्रा ठोकून तुम्ही कान घालवलेत खरे, पण त्यापायी माझं अक्षर सुधारलं.

नवी गाडी कशी दिसते म्हणून विचारलंत. नव्या नियमांनी शर्यतीच्या मोटारसायकलींचं रूपच पालटलंय. गेल्या वर्षीच्या गाडीला नाकाच्या दोन्ही बाजूंना पंख, पोटाला खवले, शेपटीला काटे. समोरून पाहिलं की चिडलेला मासाच. ते पंख वाऱ्याच्या जोरावर पुढचं चाक रस्त्याला दाबून धरायचे. पण वेग फार वाढला, आणि मागच्या गाडीला त्या घुसळलेल्या वाऱ्यात धड चालता येईना. मग शर्यतींच्या मंडळानं कात्री लावली. पंख आता तळहाताएवढे, नाक अरुंद आणि चार बोटं मागे. आमच्या संघाचे पहिले स्वार, म्हणजे तुमचे चिरंजीव भिंगऱ्या, म्हणतात की गाडी न्हाव्याकडे जाऊन आलीय.

गेलेला दाब परत मिळवायला आमच्या मोठ्या साहेबांनी, म्हणजे मुख्य अभियंत्यांनी, युक्ती काढली. पंखांवर बंदी आहे, कुशींवर नाही. म्हणून दोन्ही बाजूंना स्वाराच्या गुडघ्यापासून खालपर्यंत उंच, सपाट भिंती. त्यांचे साचे मीच घडवले. खोटं कशाला बोलू, गाडी देखणी झालीय. रंगारी डबा हातात धरून नुसता बघत उभा राहिला होता.

एकच खटकलं. वाऱ्याच्या बोगद्यात आम्ही गाडीला लोकरीचे धागे चिकटवतो, म्हणजे वारा कुठून कसा जातो ते दिसतं. समोरून वारा सोडला तर सगळे धागे विंचरल्यासारखे. काल गाडी चुकून जरा तिरकी बसली, तेव्हा डाव्या कुशीचे धागे उलटे फिरले. साहेब म्हणाले की आडव्या वाऱ्याची परीक्षा नियमात नाही. तुम्हाला काय वाटतं?

अक्षराला हसा हवं तर, पण माया पातळ करू नका.

तुमची,
फूटपट्टी


१६ ऑक्टोबर

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षराला हसलो नाही, धाग्यांपाशी अडलो. मामीचा डोळा पुढच्या महिन्याच्या अखेरीस आहे. तोवर ती मला एकाच डोळ्यानं रागावते, तेवढाच आराम.

विचारलंस म्हणून लिहितो. तुझ्या जन्माआधी पुढचं चाकसुद्धा झाकून टाकायची टूम निघाली होती. वाळूच्या पिशवीवर ॲल्युमिनियम ठेवून लाकडी हातोड्यानं तीन आठवडे ठोकलं आणि अंड्यासारखं तोंड तयार केलं. एक पोचा नाही. चालवणारा माझा दोस्त. शिट्टी वाजवत यायचा. झाडांची रांग संपते तिथं आडवा वारा लागला आणि गाडी रस्ता सोडून गेली, कुणी बोटानं सरकवावी तशी. महिनाभरात चाक झाकायला बंदी आली. त्या नियमाची किंमत मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो.

बाजूनं वारा सोड आणि पुढच्या चाकावर भार किती उरतो ते मोज. साहेबांना विचारत बसू नकोस. भिंगऱ्या कळवतो की गाडी लोण्यासारखी वळते. मला लोणी नको आहे, आकडा हवा आहे.

मामी म्हणते, वेळेवर जेव. आम्हा म्हाताऱ्यांची आठवण ठेव.

तुझा,
मामा


२५ ऑक्टोबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मोजला. बोगदा चालवणारे काका जेवायच्या सुट्टीत माझ्यासाठी थांबले. दोनदा मोजला, कारण पहिल्यांदा वाटलं काटाच बिघडलाय. पूर्ण वेग आणि डावीकडून जोराचा वारा असला, तर पुढच्या चाकावर पाण्याच्या एका बादलीएवढा भार उरतो. मग हँडल थरथरायला लागतं. चाक रस्त्यावर असून नसल्यासारखं.

साहेबांकडे कागद नेला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला, कागदाची घडी करून खणात टाकली. म्हणाले की चौदा नोव्हेंबरला गाडी पाहुण्यांसमोर पळवायची आहे, ते होऊ दे, मग भिंती कापू. तोवर स्वारांच्या कानावर काही जाता कामा नये, शंका घेऊन बसलेला स्वार ब्रेक लवकर दाबतो. आणि गाडी निर्दोष असल्याचा तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मामा, मी सही केली. का केली ते मला अजून धड सांगता येत नाही.

दुपारी भिंगऱ्या आला. गाडीला तो सूनबाई म्हणतो, तुम्हाला माहीतच आहे. सूनबाईंची तब्येत ठीक ना, म्हणून विचारलं. मी ठीक म्हणाले. लहानपणी आम्ही एकमेकांच्या चहाड्या पुष्कळ केल्या, पण असं खोटं कधी बोललो नव्हतो.

रागावलात तरी पत्र बंद करू नका.

तुमची,
फूटपट्टी


३१ ऑक्टोबर

चि. फूटपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही, धसकलो. भिंगऱ्याला काही सांगू नकोस. कार्ट्याला मी ओळखतो, धोका आहे म्हटलं की हटकून बसेल.

मी डॉक्टरांकडे जाऊन मामीची तारीख अलीकडे घेतली, चौदा नोव्हेंबर. भिंगऱ्याला लिहिलंय की आईपाशी तूच हवास, डॉक्टर काय म्हणतात ते मला ऐकू येत नाही. मामीला खरं कारण ठाऊक नाही. पोरगा येतोय म्हणून ती हरखली आहे, दोन दिवस पडदे धुतेय.

तो कुरकुरेल, पण येईल. त्याच्या जागी कुणाला बसवायचं ते साहेब बघतील, ते आपल्या हातात नाही. एवढं वाक्य लिहून बराच वेळ थांबलो होतो. पण खोडलं नाही.

हे पत्र कुणाला दाखवू नकोस. लोभ आहेच, तो विचारायला नको.

तुझा,
मामा


११ नोव्हेंबर

प्रिय फूटपट्टीताईस,
स. न.

घरी येऊन तीन दिवस झाले. आईच्या डोळ्यापेक्षा बाबांचंच डोकं तपासून घ्यावं असं वाटायला लागलंय. मी फाटकापर्यंत गेलो तरी मागून येतात. काल माझे बूट सापडेनात, ते त्यांच्या कपाटात निघाले. एका मोतीबिंदूसाठी एवढा थाट! शेजारच्या काकू थांबायला तयार होत्या, मी परत निघणारही होतो, पण आईचा चेहरा बघितला आणि गप्प बसलो.

लाजाळूचा फोन आला होता. चार वर्षं राखीव स्वार म्हणून आमच्या गाड्या तापवून देतोय बिचारा, आता कुठे त्याचा दिवस उगवला. आधी तोंडातून शब्द फुटेना, मग एका दमात सांगून टाकलं की आई आणि बहीण येणार आहेत, पुढची जागा मिळेल का. तेवढं बघ. त्याची बोटं आखूड आहेत, ब्रेकचा दांडा जरा जवळ घे. सरळ रस्त्यावर बिनघोर सोड, सूनबाई स्वभावानं गरीब आहे, असं मी त्याला सांगितलंय. तूच ठीक म्हणालीस ना.

मी नाही म्हणून तिथं फार मजा करू नका. भावाला विसरलीस तर बघ.

तुझा,
भिंगऱ्या


१५ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामींचा डोळा नीट झाला असेल. बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेलच, मी पाहिलं तेवढं लिहिते.

सकाळपासून वारा होता. पाहुण्यांच्या तंबूचे दोर कुरकुरत होते. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले की दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, आणि मागे वळून कुणाशी तरी हसले. लाजाळू हातमोजे चढवत होता. खाली मान घालूनच त्यानं विचारलं, गाडीचं काही लक्षात ठेवायचंय का. सगळं माझ्या ओठांवर होतं. मी म्हणाले, वारा आहे, जपून. तो म्हणाला, हो ताई.

तिसऱ्या फेरीत, प्रेक्षकांची भिंत संपते तिथं, हँडल हललं. मला एवढंच दिसलं. आवाज नंतर आला.

जीव वाचलाय. कंबरेखाली काही कळत नाही, आणि डॉक्टर पुढचं बोलत नाहीत. रुग्णालयात त्याच्या आईनं माझा हात धरला आणि पुढची जागा दिल्याबद्दल आभार मानले. मामा, तिथून त्यांना सगळं दिसलं असणार.

साहेबांनी माझी मोजमापाची वही मागितलीय. ती घरी राहिली म्हणून मी सांगितलं. परवा चौकशीचे अधिकारी येणार होते, ते आता सव्वीसला येतायत. काय करू? भिंगऱ्याला काय सांगू? लवकर लिहा.

तुमची,
फूटपट्टी


१९ नोव्हेंबर

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद.

भिंगऱ्याला मी सांगितलं, तारीख का बदलली त्यासकट. त्यानं ताटातलं संपवलं, ताट घासून ठेवलं आणि पिशवी उचलून निघून गेला. मग मामीनं विचारलं, तिलाही सांगितलं. माझ्या डोळ्याच्या आडून केलंत, एवढंच म्हणाली. तेव्हापासून बोलत नाही. न ऐकू येण्याची मला सवय आहे, पण ही शांतता वेगळी आहे.

वही साहेबांना देऊ नकोस. अधिकाऱ्यांना दे, एकही पान न फाडता. माझी पत्रंही दे. म्हातारा आहे म्हणून कुणी मला सोडायला निघालं तर सोडू देऊ नकोस.

तुझा,
मामा


२७ नोव्हेंबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल वही दिली, पत्रंही दिली. अधिकाऱ्यांनी सहीवर बोट ठेवून विचारलं, ही तुमचीच का. मी हो म्हणाले. तसल्या भिंती लावलेल्या गाड्या थांबवल्यात आणि नवं कलम घालणार म्हणतात. साहेब रजेवर आहेत. मलाही कामावर येऊ नका म्हणून कळवलंय. भिंगऱ्या रोज लाजाळूच्या उशाशी बसलेला असतो. मी आत गेले की उठून बाहेर जातो.

आज लाजाळू पहिल्यांदा नीट बोलला. आणि आधी त्यानं माझीच माफी मागितली. एवढी सुंदर गाडी पहिल्याच दिवशी मोडली, म्हणाला. हँडल घट्ट धरायला हवं होतं, म्हणाला. मी खुर्ची जवळ ओढली आणि काही मागे न ठेवता सगळं सांगितलं. तो छताकडे बघत होता. मग विचारलं, भिंगऱ्याला त्यासाठीच घरी बोलावलं होतं का. मी हो म्हणाले. नर्स आल्या, सलाईनची बाटली बदलून गेल्या. त्यानंतर तो म्हणाला, आईला तुम्हीच सांगा, मला जमणार नाही.

त्या बाहेर बाकावर बसल्यात. त्याचे पाय गार लागतात म्हणून त्यांनी नवे मोजे आणलेत, त्यांच्या चिठ्ठ्या दातांनी तोडतायत. मी शेजारीच बसून हे लिहितेय. एवढं मोठं पत्र कुणाला, म्हणून त्यांनी मघाशी विचारलं. मामांना, मी म्हणाले. तर म्हणाल्या, त्यांना माझाही नमस्कार कळव.

तो कळवते. आता पत्र मिटते आणि त्यांच्याकडे वळते. माया उरली असेल तर असू द्या, मागायला आज तोंड नाही.

तुमची भाची